सव्वा महिन्याची पाहुणी

अमेरिकेत, आमच्या एडिसनच्या स्वयंपाकघरात झारा, उलथनं आणि रवी यांच्या शेजारी बांबूच्या दोन लांब काड्या उभ्या असतात. येणारा पाहुणा त्या बघतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "घरी चायनीज करता वाटतं?" मी म्हणतो, "नाही, चकल्या." त्यावर पाहुणा माझ्या बायकोकडे बघतो. माझ्याकडून मिळालेल्या माहितीची केतकीकडून खातरजमा करून घ्यायची, हा आमच्या ओळखीतला रिवाज आहे.

पण या वेळी माहिती खरी असते. त्या काड्या मालतीकाकू रेग्यांच्या. काकू काडीचं टोक कढईत बुडवायच्या, त्याभोवती बारीक बुडबुडे आले की म्हणायच्या, "तापलं." मग त्याच काड्यांनी चकली अशी अलगद उलटायच्या की तिचा एक काटा मोडायचा नाही. अर्धं आयुष्य हाँगकाँगमध्ये काढलेल्या बाईनं तिथून काय आणलं असेल, तर ह्या काड्या, दिवसभर कोमट पाणी पिण्याची सवय आणि शेजारच्या चिनी मासळीबाजारातल्या विक्रेत्यांना गप्प करण्यापुरती कँटोनीज. लुगडंवजा सुती साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला मफलर अशा वेशातली बाई काचेच्या टाकीतल्या माशाकडे बोट दाखवून त्यांच्या भाषेत "तो नको, तो दमलाय" असं सांगायची, तेव्हा विक्रेता आधी माशाकडे बघायचा आणि मग आपल्या बायकोला हाक मारायचा. गंमत म्हणजे काकू मूळच्या मिरजेच्या कुलकर्णी. "लग्नाआधी मासा मला फक्त राशीचा ठाऊक होता," म्हणायच्या. "तोही माझ्या भावाचा."

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. गेल्या त्या मिरजेत, त्याच भावाच्या घरी. इथं त्यांचा मुलगा शेखर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतो, आणि रेगेकाका गेल्यावर काकू त्याच्याकडे दर वर्षी पाहुण्या म्हणून यायच्या. स्वतःच्या मुलाच्या घरी पाहुण्या. ही काही सासू-सुनेची गोष्ट नाही. सून रश्मी तर त्या आल्या की माहेरी आल्यासारखी उशिरा उठायची. पाहुणी सरकारनं केलेली होती. टुरिस्ट व्हिसावर एका वेळी सहा महिने, मग निघायचं. तिथून लंडनला मुलीकडे, अंजूकडे, तिथंही व्हिसावरच. उरलेले दिवस मिरजेत. त्यांची निळी सुटकेस शेखरच्या घरी पलंगाखाली कायम अर्धी भरलेली असायची. मी एकदा म्हटलं, "काकू, कपाट आहे की." तर म्हणाल्या, "कपाटात ठेवलं की विसरायला होतं, आपण कुठं आहोत ते."

आमची पहिली भेट मी इथं नवा आलो त्या वर्षी झाली. त्या काळी मी स्वतःला व्हिसाच्या बाबतीत अधिकारी माणूस समजत असे. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज काही ना काही समजावून सांगायचो, आणि लोक मला चिडवायला 'व्हिसाचार्य' म्हणायचे, ती मला पदवी वाटायची. शेखरनं रविवारी जेवायला बोलावलं होतं. ताटावर एक नवीन श्रोता दिसल्यावर मी सुरूच झालो.

"काकू, तुम्ही आधी कुठं होतात?"

"हाँगकाँगला."

"म्हणजे चीन."

"मी गेले तेव्हा नव्हतं. इंग्रजांचं होतं. मग एके रात्री झोपले तेव्हा इंग्रजांचं होतं आणि सकाळी दूध आणायला गेले तेव्हा चीनचं. दुकानदार तोच. दूधही तेच."

एवढ्यावर शहाण्या माणसानं थांबून पुढचं ऐकलं असतं. मी बोलत राहिलो. म्हटलं, लोकांना ग्रीन कार्डाचं मुळात काही कळत नाही. लोक पासपोर्टच्या मागं लागतात. पासपोर्ट कुठलाही असू द्या, अमेरिका विचारते जन्म कुठला? जन्म भारतातला असेल तर बसा रांगेत, पोरं कॉलेजात जाईपर्यंत. आणि हाँगकाँगचा असेल तर, काकू, त्यांची वेगळी रांग, म्हणजे जवळजवळ रांगच नाही! आता मला सांगा, हाँगकाँगमध्ये राहून ज्यानं पोर भारतात जाऊन जन्माला घातलं असेल, त्या माणसाला काय म्हणायचं?

रश्मीनं माझ्या ताटात न विचारता भात वाढला. शेखर आमटीत काहीतरी शोधत होता.

"बाईला," काकू म्हणाल्या. "माणसाला नाही. ती बाई मीच. लिंबू घ्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला लिंबू दिलं, मीठ सरकवलं, आणि मग सगळं असं सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाची हकीकत आहे. रेगेकाका हाँगकाँगला एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी काकूंना दिवस गेले. पहिलं बाळंतपण कुणाकडे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात काकू मिरजेला आल्या, शेखर तिथं झाला, आणि त्याला दुपट्यात गुंडाळून त्या परत गेल्या. दुसऱ्या खेपेला आई थकली होती, तिकडेच सरकारी इस्पितळात अंजू झाली. बास. फरक एवढाच. मुलगा मिरजेचा म्हणून भारतीय. मुलगी तिथं जन्मली म्हणून तिथल्या सरकारनं तिला आपली मानली. पुढं शाळेच्या सहलीसाठी रेगेकाकांनी तिचा तिथला पासपोर्ट काढला, आणि भारताच्या लेखी ती परकी झाली.

मग ते गाव चीनला परत द्यायची वेळ आली. चिनी लोक चीनचे होणार होते. इंग्रज इंग्लंडला जाणार होते. अंजूसारखी मुलं मात्र कुणाचीच उरणार नव्हती. इंग्रज जे कागद देऊ करत होते त्यावर नाव मोठं होतं, पण त्यांच्या देशात राहायची परवानगी नव्हती. "म्हणजे लग्नाची पत्रिका द्यायची आणि खाली लिहायचं, कृपया येऊ नये," काकू म्हणायच्या. बरीच ओरड झाली तेव्हा अगदी शेवटी शेवटी इंग्रजांनी अशा मुलांना पूर्ण नागरिकत्व दिलं. अंजूला ते मिळालं आणि ती लंडनला गेली. घरात भावंडं दोन, देश दोन. "ज्याच्यासाठी मी सगळं रीतीनं केलं तो अडकला," काकू म्हणाल्या, "आणि जिच्या वेळी रीत मोडली ती सुटली. आता ताक घ्या."

त्या जेवणानंतर मी ग्रुपवर आठवडाभर काही लिहिलं नाही. लोकांना वाटलं मी आजारी आहे. हाँगकाँगच्या वेगळ्या रांगेचा तो नियमही पुढं बदलला म्हणतात. मी खात्री करायला गेलो नाही.

काकूंना रांगांचं प्रेम होतं. आपण रांग दिसली की मनातल्या मनात शिवी देतो; काकू रांगेत उभ्या राहिल्या की त्यांना कंठ फुटायचा. ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानात दिवाळीच्या आधी जी रांग लागते, तिच्यात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी तेवढ्यात एका गुजराती आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन, एका तेलुगू मुलीचं मोडलेलं लग्न आणि तिच्या मैत्रिणीचं जुळत आलेलं लग्न, इतकं गोळा केलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, आम्ही पुढं सरकतच नव्हतो. काकू मागच्या प्रत्येकाला म्हणत होत्या, "तुम्ही व्हा पुढं, आम्हाला घाई नाही." मला ऑफिसचा कॉल होता. मी तसं म्हटलंसुद्धा.

"तुम्हाला आहे घाई, मला नाही," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही व्हा पुढं." आणि मला स्वतःच्या पुढं उभं केलं.

त्याच रांगेत, मागं वळून, मी त्यांना विचारलं होतं की हाँगकाँगला असताना तुम्ही सगळ्यांनीच का नाही तिथलं नागरिकत्व घेतलं. शेखर तेव्हा शाळकरी, आईबापांबरोबर त्याचंही झालं असतं. म्हटलं, निदान एक घर एका पासपोर्टावर आलं असतं.

"गेले होते ना," त्या म्हणाल्या. "शेवटचा दिवस होता अर्ज द्यायचा. सगळं गाव लोटलेलं. रांग इमारतीला वळसा घालून खेळाच्या मैदानात गेली होती. लोकांनी चटया आणलेल्या, डबे आणलेले. मी आणि शेखर. हे दुकानातून परस्पर येणार होते. छान चाललं होतं. माझ्या पुढं एक पारशी म्हातारे होते, ते मला म्हणाले, डिकरी, हे मिळालं की तुझा इंडियाचा पासपोर्ट गेला, समजून उभी आहेस ना? म्हटलं, म्हणजे मिरजेला जायचं तर? तर म्हणाले, व्हिसा काढायचा."

"मग?"

"मग मला काही सुधरेना. आईकडे जायला व्हिसा? तिनं काय, दारात उभं राहून विचारायचं, किती दिवस राहणार? मागं एक नेपाळी बाई होती, कडेवर मूल. तिला म्हटलं, तू हो पुढं. मग तिच्या मागच्याला. मग त्याच्या मागच्याला. असं करता करता संध्याकाळ झाली. हे आले तेव्हा मी सकाळपेक्षा मागं होते. यांनी बघितलं. तिघं मिळून नूडल्स खाल्ल्या आणि घरी गेलो."

"शेखर काय म्हणाला?"

"तो तेव्हा खूष होता. शाळा बुडाली म्हणून."

शेखर आता खूष नव्हता. तो चेष्टेत म्हणायचा, "आईनं मला चुकीच्या स्टेशनवर उतरवलं." पण अशी चेष्टा वर्षानुवर्षं केली की ती चेष्टा राहत नाही. त्याचा हिशेब त्यानं मला एकदा गाडीत समजावला होता : आधी त्याचं कार्ड यायचं, मग पाच वर्षांनी नागरिकत्व, मग त्याला आईला कायमचं बोलावता येणार. "तोपर्यंत ती शंभरीची होईल यार," तो म्हणाला आणि रेडिओ लावला. काकूंना दुसरं काही नको होतं. अंजूकडे कायमचं राहणं तिकडच्या कायद्यात बसत नव्हतं. मिरजेत भाऊ होता, वरची खोली होती, सगळं होतं, पण मुलगा नव्हता. शेखरच्या घरी ती निळी सुटकेस एकदा पूर्ण रिकामी करायची, एवढीच त्यांची इच्छा, आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. त्या फक्त पलंगाखालचा केर काढताना सुटकेस बाहेर ओढायच्या, पुसायच्या आणि परत आत ढकलायच्या.

त्यांचं एक तत्त्व मात्र इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर घडलं. पाहुण्यानं आल्या दिवशीच जायचा दिवस सांगावा. काकू शेखरच्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या, पाणी प्यायच्या आधी, रश्मीला सांगायच्या, "अमक्या तारखेला जाईन." मी म्हटलं, काकू, हे फार रुक्ष आहे. तर म्हणाल्या, "उलट. जायचा दिवस माहीत असला की यजमान मोकळेपणानं माया करतो. नाहीतर त्याचा अर्धा जीव अंदाज करण्यात जातो." नात, ईशा, हे ऐकून ऐकून वाढली. तिच्या वाढदिवसाला मी उशिरा पोहोचलो तर दारातच म्हणाली, "Hi Kaka, when are you leaving?" काकू आतून म्हणाल्या, "शाब्बास."

तर एका वर्षी केतकीला दिवस गेले.

केतकी साताऱ्याची. पहिलं बाळंतपण माहेरी, असं तिच्या आईनं लग्नातच जाहीर केलं होतं. पण माझ्या व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती. केतकी बाहेर गेली असती तर परत कधी येता आलं असतं याची कुणालाच खात्री नव्हती. तिच्या आईचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला. इथं जन्मणाऱ्या मुलांना आपोआप नागरिकत्व द्यायचं की नाही, यावरून त्याच वर्षी कोर्टकज्जे सुरू झालेले. ग्रुपवर मला रोज नवी माहिती मिळायची आणि मी ती केतकीला वाचून दाखवायचो. एका संध्याकाळी तिनं माझा फोन घेतला, फ्रिजवर ठेवला आणि काकूंकडे जाऊन रडली.

मी मागोमाग पोहोचलो. मला वाटलं होतं, काकू तिला सांगतील, बाई गं, माझं बघ आणि शहाणी हो, मिरजेच्या वाटेला जाऊ नको. काकू तसं काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला कोमट पाणी दिलं आणि विचारलं, "तुला झोप कुठं लागेल?"

"आईकडे."

"ते तर होत नाही म्हणतात. मग दुसरीकडे कुठं?"

केतकीनं पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे."

त्या वेळी काकूंचे सहा महिने संपत आले होते. त्यांनी शेखरकडे बघितलं. शेखर म्हणाला, "आई, तू एवढ्यात जाऊन लगेच परत आलीस तर विमानतळावर अडवतील."

"अडवू देत. विचारतील ते सांगीन," काकू म्हणाल्या आणि ठरल्या दिवशी लंडनला गेल्या.

आता इथं पुन्हा माझी एंट्री होते, ती झाली नसती तर बरं. काकू परत यायच्या आधी मी त्यांना रोज फोनवरून तयार करत होतो. अधिकारी विचारेल, इतक्यात परत का? तर म्हणायचं, फिरायला. कुठं? नायगाऱ्याला. बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. बाळ सांभाळायला आलात म्हटलं की त्यांना ते काम वाटतं, आणि टुरिस्टानं काम केलेलं चालत नाही. "म्हणा बघू काकू, नायगारा." काकू म्हणायच्या, "नायगारा." मी म्हणायचो, "जरा उत्साहानं." मागून अंजूचा हसण्याचा आवाज यायचा.

त्या परत आल्या त्या दिवशी नेवार्कच्या विमानतळावर मी आणि शेखर त्यांना आणायला गेलो. म्हणजे शेखर गेला. मी भलत्याच टर्मिनलवर फुलं घेऊन उभा होतो आणि एका अनोळखी बाईंनी ती जवळजवळ घेतलीच होती. धावत पोहोचलो तर त्या विमानातली शेवटची माणसंसुद्धा बाहेर पडून गेली होती आणि काकू नव्हत्या. त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. शेखर दारावरची पाटी वाचत होता. व्हिसा तिथल्या तिथं रद्द करून परतीच्या विमानात बसवलेल्या आईवडिलांच्या गोष्टी आम्हा दोघांनाही माहीत होत्या. त्यातल्या बऱ्याच मीच ग्रुपवर टाकलेल्या.

काकू बाहेर आल्या. मफलर, स्पोर्ट्स शूज, निळी सुटकेस. चेहऱ्यावर लग्नघरातून आल्यासारखं समाधान.

"काय विचारलं?" मी.

"का आलात विचारलं. मी म्हटलं, नायगारा. तो म्हणाला, आता बर्फ आहे तिकडे, गारठून जाल. बरा मुलगा होता. मला लाज वाटली. मग म्हटलं, खरं सांगू का, एका मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, तिच्या आईला तुम्ही येऊ दिलं नाहीत. म्हणून मला खोलीत नेलं, तिथं एक मोठ्या हुद्द्याची बाई होती. तिनं विचारलं, तुमची मुलगी? म्हटलं, नाही, शेजारची. पैसे मिळणार? म्हटलं, बाळंतपणाचे कुणी पैसे घेतं का? मग म्हणाली, किती दिवस राहायचंय? मी सांगितलं."

"काय सांगितलं?" शेखरनं विचारलं.

"बाळ होईपर्यंत आणि मग सव्वा महिना. सव्वा महिन्यानं बाळंतीण आपल्या घरी जाते, असं सांगितलं. तिनं बोटांवर मोजून बघितलं आणि तेवढ्याचा शिक्का दिला. चार दिवस वरती घातलेत, प्रवासाला म्हणून."

शेखर थांबला. पार्किंगच्या मधोमध. "आई, सहा महिने मिळतात. न मागता मिळतात. प्रत्येकाला. तू फक्त गप्प राहायचं होतंस."

"तिनं विचारलं, पाहुण्यानं सांगायला नको?"

"तू तिची पाहुणी नव्हतीस," शेखर म्हणाला. "माझी होतीस. मला हवे होते ते महिने."

मी फुलं घेऊन उभा होतो. ती कुणाला द्यावीत ते कळेना. शेवटी गाडीच्या टपावर ठेवली आणि तिथंच विसरलो.

घरापाशी गाडीतून उतरताना काकू म्हणाल्या, "शेखर, तू झालास ना, तेव्हा माझ्या आईनं तुला दोन्ही हातांवर घेऊन दारात सूर्य दाखवला. सगळ्या हापिसांत मला सांगतात, ते दार चुकीच्या गावात होतं. मलाही वाटायला लागलं होतं तसं. पण या पोरीला बघितलं आणि परत आठवलं. दार चुकलं नव्हतं रे." मग पाणी प्यायच्या आधी, सवयीनं, रश्मीला जायची तारीख सांगितली. या वेळी ती फार जवळची होती.

केतकीनं तिकडेच मुक्काम हलवला, आणि आमच्यापासून तीन गल्ल्यांवर तिचं माहेर तयार झालं. मुलगी झाली. डिंकाचे लाडू, शेपाची धुरी, बाळाची अंघोळ. धुरीनं एकदा स्मोक अलार्म वाजला आणि अग्निशामक दलाची गाडी आली, तर त्या चार धिप्पाड माणसांना काकूंनी बूट दाराबाहेर काढायला लावले आणि लाडू दिले. मी मात्र आता जावई झालो होतो. जावयानं बाळंतिणीच्या खोलीत सारखं घुटमळायचं नसतं. मी ऑफिसातून आलो की काकू मला बैठकीच्या खोलीत बसवायच्या. "या जावईबापू. चहा घेणार?" मग बाळ बाहेर आणून दाखवायच्या. मी घ्यायला हात पुढं केला की म्हणायच्या, "हात धुतले?" मी माझ्याच पोरीला भेटायला दहा मिनिटांची वेळ घेऊन जात होतो, आणि खरं सांगायचं तर इतका मान मला साताऱ्यातसुद्धा मिळाला नाही.

आणि शेखर. तो ऑफिसातून लवकर यायला लागला. आई कढईशी उभी असली की हा ओट्याला टेकून उभा. एकदा मी गेलो तर काकू त्याला काडीनं चकली उलटायला शिकवत होत्या. त्यानं ती मोडली. "असू दे," त्या म्हणाल्या, "मोडकी तू खा." तो तिथंच उभ्यानं खात होता, शाळेतून आल्यासारखा.

सव्वा महिना झाला. काकूंनी केतकीची ओटी भरली, बाळाला काजळाची तीट लावली आणि काड्या केतकीच्या हातात दिल्या. "आता सासरी जा," म्हणाल्या. पण केतकी थेट घरी आली नाही. सव्वा महिन्यानं बाळाला पहिल्यांदा बाहेर काढतात, ते देवाला. आमच्या मुलीला पहिल्यांदा बाहेर काढलं ते नेवार्कच्या विमानतळावर.

तिथं सुरक्षा तपासणीच्या आधी पट्टे लावून केलेली ती नागमोडी रांग असते, माहीत आहे ना? माणूस आपल्यापासून दूर जातो, वळतो, परत आपल्या जवळ येतो, पुन्हा दूर. काकू नमस्कार वगैरे घेऊन आत गेल्या. आम्ही पट्ट्याबाहेर उभे. एक वळण घेऊन त्या आमच्या समोर आल्या, शेखरपासून अगदी हाताच्या अंतरावर.

"आई, परत कधी येशील?" शेखरनं विचारलं.

ज्या बाईनं आयुष्यात प्रत्येक दारात आपली तारीख आधी सांगितली, तिनं या वेळी काही सांगितलं नाही. त्याच्या शर्टाच्या बाहीवरचं काहीतरी झटकलं.

पुढची माणसं सरकली. काकू नाही सरकल्या. मागं एक मोठं कुटुंब होतं, ढकलगाडी, तीन पोरं. काकूंनी त्यांच्यासाठी बाजूला होऊन हात केला, तुम्ही व्हा पुढं. मग एक बॅग पाठीवर घेतलेला मुलगा. तोही पुढं. मला वाटलं, काकू गोंधळल्या. मी मोठ्यानं म्हटलं, "काकू, पुढं सरका, तुमचा नंबर आलाय." केतकीनं माझा दंड धरला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी गप्प बसलो.

शेखर पट्ट्याला धरून उभा होता. आमची मुलगी झोपली होती. काकू त्याच वळणावर, एका हातानं निळ्या सुटकेसचा दांडा धरून, मागं येणाऱ्या प्रत्येकाला हसून वाट देत होत्या. त्यांना घाई नव्हती.